देवगडच्या अलीकडे

देवगडला जाणारी एसटी जामसंड्यात थांबते, पण पर्यटक तिथे उतरत नाहीत. नांदगाव तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्ग सोडला की रस्ता पश्चिमेला वळतो, शिरगाव आणि तळेबाजार मागे टाकतो, आणि समुद्र दिसायच्या आधीच जामसंडे येतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दुकानं, गॅरेजं, दवाखाने, खतं-औषधांच्या पाट्या, आणि थोडं पुढे गेलं की देवगडच. किल्ला तिकडे, बंदर तिकडे, दीपगृह आणि चौपाटीही तिकडेच. त्यामुळे पाहुणा खिडकीतून जामसंड्याकडे एकदा बघतो आणि बसून राहतो. मला कामामुळे तिथेच उतरावं लागलं, आणि त्या कामाची मी आजही ऋणी आहे.

काम हवामानाच्या यंत्रांचं होतं. कोकणातल्या आंब्याला हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो. त्यात नुकसान बघायला कुणी बागेत येत नाही. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर नोंदलेला अवेळी पाऊस, तापमान, वारा यांवरून भरपाई ठरते. म्हणजे कुंपण घातलेल्या चार हातांच्या जागेतला एक खांब हजारो कलमांच्या वतीने साक्ष देत असतो. तो खांब नीट बोलतोय ना, हे तपासणं माझं काम. पर्जन्यमापकात मोजून पाणी ओतायचं, आतली छोटी वाटी किती वेळा झुकते ते बघायचं, तापमापकाशेजारी आपला प्रमाणित तापमापक ठेवून तासभर थांबायचं. तालुक्यातली काही केंद्रं माझ्याकडे होती आणि मुक्काम जामसंड्यात. मार्च संपत आला होता.

पुण्याहून मी कोल्हापूरमार्गे आले. देवगड-निपाणी हा जुना रस्ता दाजीपूरच्या जंगलातून येतो आणि फोंडा घाट उतरून कोकणात पडतो. घाटमाथ्यावर अंगावर शाल होती, खाली उतरेपर्यंत मानेवर घाम. या रस्त्याने पिढ्यानपिढ्या देशावरचं सामान खाली आलं आणि कोकणातलं वर गेलं. आता हंगामात रात्री उलट दिशेने पेट्यांनी भरलेले टेम्पो भेटतात. एका वळणावर आमची गाडी टेम्पोला वाट देण्यासाठी थांबली, तेव्हा काच खाली असल्यामुळे आंब्याचा वास आत आला. जामसंड्याशी माझी पहिली ओळख त्या वासाने झाली, गाव अजून तीसेक मैलांवर असताना.

उतरले त्या घरी खोल्या भाड्याने देत. मालकीण सत्तरीच्या. मी कशासाठी आले हे ऐकल्यावर त्यांनी आधी माझी पेटी उघडायला लावली, पर्जन्यमापकाचं नरसाळं हातात घेऊन निरखलं आणि म्हणाल्या, "आमका पाऊस नको, पण पावसाचो हिशेब बरोबर होयो." मी अनेक तालुक्यांत फिरते. माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला वरिष्ठांकडूनही ऐकायला मिळालेलं नाही.

सकाळी लवकर सड्यावर गेले. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात हिरवं, मार्चमध्ये काळंतांबडं आणि दुपारी पाय ठेववणार नाही इतकं तापलेलं. या कातळावर झाड उभं राहील असं नवख्या माणसाला वाटणारच नाही. पण नजर जाईल तिथवर हापूसची कलमं होती, गडद हिरवी, गोल माथ्याची, चिऱ्यांच्या गडग्यांनी आखलेली. या बागा निसर्गाने दिलेल्या नाहीत, हे जवळ गेल्यावर कळतं. पहारीने आणि सुरुंगाने कातळ फोडून खड्डे केले, माती दुसरीकडून डोक्यावरून आणून त्यात भरली, कलम लावलं, आणि मूळ खाली भेगांत शिरेपर्यंत उन्हाळ्याचे महिने घागरीने पाणी घातलं. पाणी इथे आजही सोपं नाही. जामसंडे आणि देवगडला नळाने पाणी येतं ते दहिबावहून, आणि उन्हाळ्यात घराघरांतलं पहिलं बोलणं पाण्याचंच असतं. ज्या पिढीने खड्डे फोडले तिच्यातल्या अनेकांना फळ बघायलाही मिळालं नसेल. हापूसचं कलम भरात यायला वर्षं जातात. कलम बांधायची कला गोव्याच्या बाजूने पोर्तुगीजांबरोबर आली हे आपण शाळेत वाचतो. कातळ फोडण्याची चिकाटी मात्र इथली आहे, आणि माझ्या मते मोठी गोष्ट ती आहे.

केंद्राजवळच्या बागेत एक नेपाळी जोडपं राखणीला होतं. हंगामात कोकणातल्या बागांमध्ये नेपाळी कामगार मोठ्या संख्येने असतात; फवारणी, राखण, काढणी, सगळ्यात. बाईने मला उन्हात उभी बघून कलमाच्या सावलीत बोलावलं. "ताई, पाणी होया?" तिची मालवणी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. दिवसा वानर आणि रात्री चोर, असा राखणीचा हिशेब तिने सांगितला. तिची मुलगी आजीजवळ गावी, पश्चिम नेपाळात. देवगड हापूसच्या जाहिरातींत लाल माती असते, समुद्र असतो, पारंपरिक वेशातला बागायतदार असतो. ही बाई कुठेच नसते. ती असायला हवी.

यंत्राचा आलेख बघताना एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. पहाटे वारा पूर्वेकडून, जमिनीवरून समुद्राकडे. उन्हं वर आली की तो पडतो, आणि दुपारी पश्चिमेचा खारा वारा भरतो. जमिनीवरून सुटणाऱ्या वाऱ्याला इथले दर्यावर्दी मतलई म्हणतात, आणि पूर्वी शिडाची गलबतं या दोन वाऱ्यांच्या वेळा सांभाळून खाडीतून आत-बाहेर करत. बागायतदारही तेच वारे सांभाळतो. मोहोर असताना ढग दाटले, हवा कोंडली, की तुडतुडे वाढतात, मोहोरावर चिकटा पडतो, मग काळी बुरशी. अवेळी पावसाची एक सर आली तर महिनाभराची फवारणी वाहून जाते. माझ्या पडद्यावर ती सर म्हणजे एक छोटी उभी रेघ. शेजारी उभ्या असलेल्या बागायतदाराने त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "ही त्या रात्रीची काय?" मी तारीख वाचली. त्याने मान हलवली आणि पहिला मोहोर कसा गेला, दुसरा कसा उशिरा आला, आता जे झाडावर आहे ते त्यातलं उरलेलं आहे, हे सगळं त्या एका रेघेवरून सांगितलं. तापमानाच्या उंच टोकांवरून उन्हाने भाजलेल्या आणि गळलेल्या फळांचं सांगितलं. मी आकडे वर्षानुवर्षं वाचते आहे. त्या दिवशी ते कुणीतरी मला वाचून दाखवले.

त्याच्याच खळ्यावर दुपार गेली, आणि जामसंड्यातलं पाहण्यासारखं जे आहे ते मी तिथे पाहिलं.

काढणी पहाटेपासून ऊन चढेपर्यंत चालते. लांब काठीच्या टोकाला जाळी आणि पातं लावलेला झेला घेऊन माणसं फळ हेरतात. फळ तयार झालं की देठाजवळ खळगी पडते, खांदे भरतात, हिरव्या रंगाची जात बदलते. ही ओळख डोळ्यांत बसायला काही हंगाम जावे लागतात. फळ देठासकट उतरवायचं, कारण देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. उतरवलेलं फळ क्षणभरही तापलेल्या कातळावर ठेवायचं नाही. आत साका होण्याशी त्या उष्णतेचा संबंध आहे, आणि साका बाहेरून दिसत नाही; देखणं, वासाचं फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखं निघतं. काही बागायतदार फळं पाण्यात सोडून बघतात. बुडालं ते तयार, तरंगलं ते कोवळं.

मग खळ्यात बायका बसतात आणि फळ हाताने निवडतात. तराजू बाजूला असतो, पण त्यांचा हात तराजूच्या आधी बोलतो. मोठं फळ चार डझनाच्या पेटीत, त्याहून लहान पाच डझनाच्या, आणखी लहान सहाच्या. एकीने मला दोन फळं दिली आणि जड कोणतं ते विचारलं. मी सांगितलं त्यावर तिने दोन्ही तराजूत घातली. फरक अगदी थोड्या ग्रॅमचा होता आणि तिला तो आधीच ठाऊक होता. दिवसभर वाकून केलेल्या या कामाची मजुरी पेटीच्या किमतीच्या मानाने फार थोडी आहे. मी ते बोलून दाखवल्यावर बागायतदाराने नाकारलं नाही. औषधं, खतं, लाकूड, वाहतूक, दलाली असा आपला खर्च त्याने मांडला, आणि तोही खोटा नव्हता. महाग आंबा खाताना पैसे कुठे जातात हा प्रश्न आपण शहरात बसून विचारतो. उत्तर द्यायला दोन्ही बाजूंची माणसं इथे एकाच खळ्यात असतात.

आढीची खोली मागे होती. आत अंधार, जमिनीवर पेंढा, पेंढ्यावर फळांचा थर, त्यावर पुन्हा पेंढा. नैसर्गिकरीत्या पिकायला दहा-पंधरा दिवस. दार उघडताच उबदार वास अंगावर येतो. घरातल्या आजींनी हाताने पेंढा बाजूला केला, एक फळ उचललं, नाकाशी धरलं आणि परत ठेवलं. "उद्या," एवढंच म्हणाल्या. मी निघाले तर त्यांनी अडवलं. "जेवल्याशिवाय जाव नको गो." काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळी, फणसाच्या कुयरीची भाजी आणि सोलकढी. कोकणी माणसाच्या पाहुणचाराबद्दल बाहेर जे उणंदुणं बोललं जातं, ते बोलणाऱ्यांनी हंगामाच्या ऐन घाईत अनोळखी माणसाला असं ताट वाढणाऱ्या घरी एकदा जाऊन यावं.

देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्था याच गावात आहे. 1986 साली ती सुरू झाली. छोट्या बागायतदाराला दलालावाचून आपलं फळ आपल्या नावाने विकता यावं, हा तिच्यामागचा विचार. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाबरोबर या संस्थेचंही नाव त्यात होतं. देवगड 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होतं. त्या वर्षी 1 मे रोजी सिंधुदुर्ग वेगळा झाला. फळाची कीर्ती जिल्ह्याच्या सीमेहून जुनी आहे, म्हणून रत्नागिरी श्रेष्ठ की देवगड हा वाद दर मे महिन्यात घरोघरी रंगतो. मला तो वाद गौण वाटतो. खरा घात दुसरीकडे होतो. परराज्यातलं दिसायला सारखं फळ देवगडच्या नावाच्या पेटीत भरून विकलं जातं, आणि कातळ फोडणाऱ्याच्या नावावर भलताच कुणी नफा कमावतो. त्यावर संस्थेने 2025च्या हंगामापासून प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली. बागायतदाराच्या झाडांच्या हिशेबाने स्टिकरं मिळतात, त्यामुळे बागेच्या कुवतीपेक्षा जास्त फळ त्याच्या नावावर खपवता येत नाही. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. मग त्याला स्टिकरच्या आत दडलेला दुसरा क्रमांक विचारला जातो. जुळला तर फळ खरं. खळ्यातल्या बायका निवडून झालेल्या फळांवर हे स्टिकर एकेक करून चिकटवत होत्या. काम वाढलं खरं, पण त्यातल्या एकीने अभिमानाने सांगितलं की आता आपला आंबा मुंबईत हरवत नाही.

संध्याकाळी काम संपलं की मी चालायला निघत असे. पहिल्या संध्याकाळी दिर्बादेवीच्या देवळात गेले. कोकणात गावचं दैवत हे गावच्या कारभारातलं सगळ्यांत ज्येष्ठ माणूस असतं. मोठं काम काढायच्या आधी त्याला गाऱ्हाणं घालायचं, जमलेल्यांनी "होय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. देवळात बसलेल्या एका काकांनी मला विचारलं, यंत्रं काय म्हणतात. मी सांगितलं, येत्या दिवसांत पावसाचं चिन्ह नाही. त्यांनी देवीकडे बघून हात जोडले. विज्ञान आणि श्रद्धा यांच्यात इथे कुणी भांडण लावलेलं मला दिसलं नाही; पाऊस न येण्यासाठी ज्याला जे विचारता येईल ते माणसं विचारतात.

दुसऱ्या एका संध्याकाळी वाडातरच्या पुलावर गेले. विजयदुर्गाकडे जाणारा रस्ता इथे खाडी ओलांडतो. ओहोटी होती, कांदळवनाची मुळं उघडी पडली होती आणि काठावरच्या खडकांवर बायका वाकून कालवं काढत होत्या. कोयत्याच्या टोकाने शिंपली उघडायची, आतलं मांस भांड्यात, शिंपली तिथेच. पुलावरून गाड्या जात होत्या त्या बहुतेक विजयदुर्ग बघून परतणाऱ्या. जुलै 2025 मध्ये तो किल्ला मराठा लष्करी भूदृश्यांच्या यादीतून युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला, आणि तेव्हापासून वर्दळ वाढल्याचं सगळे सांगतात. पुलावर थांबायला कुणाला वेळ नव्हता. खाडीचं पाणी सूर्यास्ताला तांबूस होतं आणि आत, वळणापलीकडे, डोंगरांच्या सावलीत काळं होत जातं. अर्धा तास तिथे उभं राहावं, इतकं ते सुंदर आहे.

देवगड मी बघितलं, नाही असं नाही. किल्ला 1705 सालचा, आंग्र्यांचा. 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. तीन बाजूंना समुद्र आणि आत 1915 सालचं दीपगृह. खालच्या बंदरात ट्रॉलर लागलेले होते. जुन्या काळी आंब्याच्या पेट्या याच बंदरातून गलबतांनी आणि बोटींनी मुंबईला जात. माझ्या मालकीणबाईंना लहानपणी बोटीच्या भोंग्यावर घड्याळ लावलेलं आठवतं. पलीकडच्या टेकडीवर पवनचक्क्या आहेत. राज्यात वाऱ्यापासून वीज करायचे सुरुवातीचे प्रयोग 1980च्या दशकात इथे झाले. ज्या वाऱ्याचा वेग मी दिवसभर मोजत होते, तो कुणाला तरी तेव्हाच कळला होता याचा मला आनंद झाला. कुणकेश्वरला पहाटे गेले, तारामुंबरी-मिठमुंबरी पुलावरून. त्या वेळी देवळात आणि किनाऱ्यावर जवळपास कुणी नव्हतं. महाशिवरात्रीच्या जत्रेला इथे पाय ठेवायला जागा नसते. परतताना दाभोळ्याच्या पोखरबावला थांबले. ही सगळी ठिकाणं प्रत्येक पर्यटन पत्रकात आहेत, त्यांचं आणखी वर्णन मी करत नाही.

पत्रकात नाही ते सांगते. जामसंडे रात्री नऊनंतर जागं होतं. हंगामात टेम्पो तेव्हा भरतात. दुकानांच्या शटरांसमोर पेट्या रचल्या जातात, नावं पुकारली जातात, वाशी, पुणे, कोल्हापूर. पोरं पेट्या हातोहात चढवतात, दोरखंड आवळतात, चालक चहा पितात आणि फोंडा घाटात धुकं आहे का ते विचारतात. मी रस्त्याकडेला एका बाकावर बसून बघत होते. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "देवगडाक सगळेच जातत. हय कोण रवता?" तक्रार नव्हती, नुसती नोंद होती. देवगड आणि जामसंडे आता एकाच नगरपंचायतीत आहेत, पण पेटीवर नाव एकाचंच छापलं जातं. त्याबद्दल खंत आहे का, असं मी विचारलं. त्यांनी टेम्पोकडे बोट दाखवलं. नाव कुणाचंही असो, माल इथून निघतो, असं त्यांचं म्हणणं.

कामासाठी परगावी जाणाऱ्या माणसाला हाती वेळ थोडा असतो आणि गाव बघायची यादी नसते. मला ही उणीव वाटत नाही. यादी घेऊन गेलेला माणूस गावाचा सुट्टीचा चेहरा बघतो. काम घेऊन गेलेल्याला गाव कामावर असलेलं दिसतं, आणि विचारायला त्याच्याकडे खरे प्रश्न असतात.

तुम्हाला देवगडला जायचं असेल तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात जा आणि मुक्काम जामसंड्यात करा. किल्ल्याला एक संध्याकाळ पुरते. एक सकाळ एखाद्या बागायतदाराला विचारून त्याच्या खळ्यात घालवा. घाईच्या वेळी मध्ये येऊ नका, दुपारनंतर लोक बोलतात. पेटी घ्यायची तर संस्थेतून किंवा थेट बागेतून घ्या, पावती मागा, स्टिकरवरचा क्रमांक तिथेच तपासा, आणि घरी परतल्यावर बाजारातल्या पेटीचाही तपासत जा. देवगड असं छापलेली प्रत्येक पेटी देवगडची नसते.